आत शिल्लक एक

काकांच्या घरून निघताना नुसतं 'येते हं' म्हणून भागत नसे. दाराच्या चौकटीला दोरीनं बांधलेली एक वही होती. आपण आलो ती वेळ त्यांनी आधीच लिहिलेली असे आणि निघतानाची वेळ आपण लिहून सही करायची. एकदा खाली रिक्षा थांबवली होती म्हणून मी सही न करताच पळाले. घरी पोचून कुकर लावते न लावते तोच त्यांचा फोन.

"ताई, तुमी माझ्याकडं अजून आतच हाय."

"काका, मी घरी पोचले. भात लावतेय."

"ते खरं. पन कागदावर आत हाय. येऊन तेवढं भाईर पडून जावा."

काळेवाडी ते पिंपळे सौदागर म्हणजे काही परदेश नाही, पण म्हणून सहीसाठी कोणी परत जातं का? मी गेले. नवरा म्हणाला, त्या म्हाताऱ्याच्या नादानं तूही कामातून जाणार. पण फोनवर काकांचा आवाज घाबरलेला होता, आणि तो आवाज ऐकल्यापासून मलाच आपण नक्की कुठे आहोत याची खात्री वाटेनाशी झाली होती.

काका गेले त्याला आता दीड वर्ष होईल. पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत ते एकतीस वर्षं टाइमकीपर होते. गेटजवळच्या टाइम ऑफिसात बसायचं, कामगारांची कार्डं सांभाळायची, कोण आत आला आणि कोण बाहेर गेला ते बघायचं, हीच त्यांची नोकरी. निवृत्तीनंतरही ते कंपनीचा खाकी शर्ट घालत, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लग्नाला गेले की पंगतीतली माणसं मोजत. बायको गेल्यापासून दोन खोल्यांत एकटेच राहत. तरी बाहेरून आले की हातात किल्ली असताना आधी आपल्याच दारावर दोनदा टकटक करीत, जरा थांबत आणि मग कुलूप उघडत.

मी एकदा सोबत होते तेव्हा विचारलं, "घरात कुणी आहे का?"

"कागदावर हाय," ते म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या लेकीच्या प्रवेशामुळे. जातपडताळणीसाठी सासरकडचा एखादा फार जुना पुरावा हवा होता. सासरे ठणकावून सांगत, "आपलं सगळं गावात नोंदलेलं आहे," आणि गावच्या जुन्या वह्यांत आमच्या आडनावाचं चिटपाखरू नव्हतं. नवऱ्याची चाकणला शिफ्ट, त्यामुळे कचेरीच्या पायऱ्या झिजवणं माझ्या वाट्याला आलं. तिथल्याच रांगेत एका बाईनं सांगितलं, की काळेवाडीत एक जण आहेत, जुन्या मोडी नोंदी वाचून देतात, पैसे घेत नाहीत, फक्त जरा सणकी आहेत. प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली. अशा वेळी माणूस सणक बघत नाही.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "तुमच्या आजेसासऱ्यांच्या आईचं म्हायेर कुठलं?"

मी वैतागले. "काका, पुरावा वडिलांकडचा लागतो. आईच्या माहेराचं काय करायचंय?"

"पयलटकरीन बाळंतपनाला कुठं जाती?"

"माहेरी."

"मग लेकराची नोंद कुठं व्हनार? समदी मानसं बापाच्या गावात हुडकत बसत्यात. पयलं लेकरू आईच्या गावात जल्मतं, ताई."

माझ्यासारख्या दोन बाळंतपणं केलेल्या बाईला हे सुचू नये याची मला लाज वाटली. माहेर निघालं चाकणच्या पलीकडचं. तिथल्या जन्ममृत्यूच्या वहीच्या नकला मिळवल्या, काकांनी भिंग लावलं आणि अर्ध्या तासात बोट ठेवलं. आमच्या पणजेसासऱ्यांचं पूर्ण नाव, गाव, जात, सगळं स्वच्छ. मुलाचं नाव मात्र नव्हतं. नुसतं 'मुलगा'. हा आमच्या आजेसासऱ्यांचा थोरला भाऊ. असा कोणी भाऊ होता हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मी आनंदानं जवळजवळ ओरडलेच. काकांनी पानं उलटली आणि मृत्यूच्या वहीत दुसऱ्यांदा बोट ठेवलं. तोच बाप, तेच गाव, मुलगा, वय नऊ दिवस.

"जरा हळू, ताई," ते म्हणाले. "लेकरू गेलंय."

शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या मुलासाठी माझा चेहरा पडला, असं पहिल्यांदाच झालं.

मग त्यांनी ती सणक दाखवली. कंपनीत अंगठ्याची मशिनं आली तेव्हा जुनं पंचिंगचं घड्याळ भंगारात निघालं होतं, ते त्यांनी घरी आणलं होतं. सोबत कोऱ्या पिवळ्या कार्डांचे गठ्ठे आणि भिंतीला लावायचे पत्र्याचे दोन कप्पेदार फळे. एकावर 'आत' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'बाहेर'. त्यांनी एक कार्ड घेतलं, नावाच्या जागी निळ्या पेनानं आमच्या पणजेसासऱ्यांचं नाव लिहून पुढे 'यांचा मुलगा' असं लिहिलं, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख लिहिली, लाल पेनानं 'हजर दिवस : ९' लिहिलं आणि कार्ड घड्याळात सारलं. टण्ण असा आवाज झाला. 'बाहेर'च्या फळ्यावर तशी शेकडो कार्डं होती. नीट बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, सगळी लहान मुलांची. कुणाचे चार दिवस, कुणाचे दोन महिने. एका कार्डावर नुसता एक.

"हे कशासाठी, काका?"

"कंपनीत एक दिस भरून गेलेल्या मानसाचं बी कार्ड आमी ठिवायचो. हजर म्हंजे हजर. त्यो आलाच न्हवता असं म्हनता येत न्हाई." कार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुमीच लावा. तुमच्या लेकीचा समदा कागुद ह्याच्या पाठीवर हाय. नऊ दिसांत केवढं काम करून गेला बघा. पोरीला सांगा तेवढं."

घरी गेल्यावर मी लेकीला सांगितलं. ती कानात गाण्याची बोंडं घालून बसली होती, ती तिनं काढली आणि विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"ठेवलंच नव्हतं. बारशाच्या आधी गेला."

पुढे प्रवेश झाला तेव्हा पेढे घेऊन ती माझ्याबरोबर आली आणि पहिला पेढा तिनं न सांगता त्या फळ्याखालच्या स्टुलावर ठेवला. काका एवढंच म्हणाले, "पोरगी शानी हाय."

त्याच दिवशी माझं 'आत'च्या फळ्याकडे लक्ष गेलं. सगळे कप्पे रिकामे होते आणि मधोमध एकच कार्ड होतं. किती दिवस कोणी हात लावला नसेल असं नव्हतं, उलट ते सगळ्यांत जास्त हाताळलेलं होतं. कडा मऊ पडलेल्या, पिवळा रंग काळपटलेला.

"ती आमची आत्या," काका म्हणाले.

काका एकुलते एक आणि त्यांचे वडीलही एकुलते एक, असंच सगळं घर समजत होतं. त्यामुळे काकांच्या बारशाला नाव ठेवायला आत्या नव्हती. आपल्याकडे बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. काकांचं नाव शेजारणीनं ठेवलं. याचं त्यांना लहानपणापासून वाईट वाटे. इतर पोरं आत्याकडे सुट्टीला जात, आत्याकडून टोपरं येई, ह्यांना काही नाही. आणि साठी उलटल्यावर आजीच्या माहेरच्या गावची जुनी वही कोणा तिसऱ्याच माणसासाठी वाचत असताना त्यांना आपल्या आजोबांचं नाव दिसलं. 'मुलगी'. वडिलांच्या आधी सात वर्षं.

"मला आत्या व्हती, ताई," हे सांगताना त्या सत्तरीच्या माणसाचे डोळे भरून आले. "आन कुनी मला सांगितलं न्हाई."

ती जन्मली एवढं वहीत होतं. गेल्याचं कुठेच नव्हतं. आजीच्या माहेरच्या गावात नाही, आजोबांच्या गावात नाही. दोन्हीकडच्या मृत्यूच्या वह्या त्यांनी पानन् पान चाळल्या, आजूबाजूच्या गावांच्या मिळतील तेवढ्या वाचल्या. आत आल्याची नोंद आहे, बाहेर पडल्याची नाही. टाइमकीपरच्या हिशेबानं अशा माणसाचं एकच होतं. ते अजून आत असतं.

"आमच्यात पयल्या लेकराचं बारसं बापाच्या घरी, सव्वा म्हैना झाल्यावर. म्हंजे नाव ठिवलं का न्हाई ते बी कळंना. जिनं माझं नाव ठिवायचं तिचंच नाव ठाव न्हाई. मी मरायच्या आधी तिला कुठनं तरी भाईर काढायची हाय. मी गेल्यावर दार वाजवून कोन येनार हाय?"

तेव्हा मला त्या टकटकीचा अर्थ कळला. मी 'आत'च्या फळ्याकडे पाठ करून बसले होते. उठून दुसऱ्या खुर्चीवर बसले.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट ते फार रंगवून सांगत. पाळी सुटली की गेटच्या रजिस्टरात त्यांना लिहावं लागे, 'आत कुणी नाही', आणि खाली सही. ते लिहीत, 'आत शिल्लक : १'. कार्डं सगळी बाहेरच्या फळ्यावर गेलेली असत. पण काका कार्डांच्या भरवशावर राहत नसत, टाइम ऑफिसच्या खिडकीतून डोकी मोजत, आणि त्यांच्या मोजणीत रोज एक डोकं बाहेर यायचं राहून जाई. मग पहारेकरी विजेऱ्या घेऊन सगळ्या शेड धुंडाळत, संडास बघत. कोणी सापडत नसे. साहेबांनी समज दिली, मेमो दिले, चष्मा बदलायला लावला. एका साहेबानं स्वतः शेजारी बसून डोकी मोजली. साहेबाचा आकडा जुळला, काकांचा नाही. शेवटी कंपनीनं तोड काढली. मोजायचं काकांनी आणि 'कुणी नाही' म्हणून सही करायची पहारेकऱ्यानं. एकतीस वर्षांत त्या वाक्याखाली काकांची सही एकदाही झाली नाही. मेमोंची फाइल त्यांनी जपून ठेवली होती. पाहुण्यांना दाखवत आणि हसत.

"न्हाईतर म्या झ्याक मानूस हुतो," म्हणत. "खिडकीबाहेर मोठी चिच व्हती, दुपारी तिच्याखाली डबा खायचा, गार सावली. कामगार म्हनायचे, चिचंखाली नगं बसू, बरं न्हवं. मला कधी कायबी झालं न्हाई. उलट तिथं बसलं की घरच्यावानी वाटायचं."

मी हसले होते. चिंचेचं मनात राहिलं नव्हतं.

लेकीचं काम झालं तरी माझं जाणं सुटलं नाही. रविवारी सकाळी काका मला मोडी शिकवू लागले. माझ्या हाताला ते वळण लवकर बसलं आणि आमच्या सोसायटीतले लोक आपापल्या गावच्या नकला माझ्याकडे आणू लागले. अशाच एका शेजाऱ्यांच्या गावची वही तेव्हा नुकतीच जुनं दप्तर स्कॅन करताना सापडली होती. ते गाव आता गाव म्हणून उरलेलं नाही, पन्नासएक वर्षांपूर्वीच कंपन्यांच्या पोटात गेलं. शेजाऱ्यांचं काम झालं. सवयीनं मी पुढचं पान वाचलं.

मयत, मुलगी, वय सव्वा महिना. बापाचं नाव आणि गाव काकांच्या आजोबांचं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : परगावचे, वाटेने जाताना तापाने मयत, मोठे चिंचेखाली पुरले.

टेबलावर चहा होता, तो तसाच गार झाला. आजी बाळाला घेऊन माहेरून सासरी निघाली होती. बारशासाठी. तिकडे पाळणा बांधलेला असणार. मधल्या गावात बाळ गेलं आणि जिथे गेलं तिथल्या वहीत नोंद झाली. त्या गावाच्या जमिनीवर कुठली कंपनी उभी राहिली ते मला कोणाला विचारावं लागलं नाही.

दोन रविवार मी गेलेच नाही. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. हे कळलं की 'आत'चा फळा रिकामा होणार आणि काका खरोखरच एकटे होणार, असं वाटत होतं. शिवाय ती चिंच. एकतीस वर्षं हा माणूस तिच्या डोक्यावर बसून डबा खात होता, हे तोंडानं कसं सांगायचं? तिसऱ्या रविवारी त्यांचाच फोन आला. "ताई, गैरहजेरी लागलीया." मी कागद घेऊन गेले.

त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. भिंग खाली ठेवलं. मला वाटलं, रडतील. ते उठले, कपाटातून मेमोंची फाइल काढली आणि मांडीवर घेऊन एकेक कागद उलटत राहिले. मग फार हळू आवाजात म्हणाले,

"म्हंजे माजा आकडा बरोबर व्हता."

"हो, काका."

"एक आतच व्हती."

मी मान हलवली.

"आन म्या रोज घरी जायचो तिला तिथंच ठिवून."

कंपनी आता तिथे नाही. सगळा कारखाना चाकणला हलला, शेड पाडल्या, चहूबाजूंनी पत्रे लावले, मोठे टॉवर होणार म्हणून फलक लागला. गेट तेवढं जुनंच राहिलं होतं आणि आत, पाडलेल्या टाइम ऑफिसच्या जोत्याशेजारी, चिंच. आम्ही गेलो ती भर दुपार होती, ऊन रणरणत होतं. काकांनी खाकी शर्टाला इस्त्री केली होती. पिशवीत हळदकुंकू, घुगऱ्यांचा डबा आणि एक नवं कोरं टोपरं होतं. पिंपरीच्या बाजारात त्यांनी ते अर्धा तास निवडलं होतं. दुकानदार विचारत होता, "किती महिन्यांचं बाळ?" काका म्हणाले, "सव्वा."

गेटवर नांदेडकडचा एक पहारेकरी होता. त्यानं वही पुढे केली. "नावं टाका, काका. किती माणसं हायत?"

"आत जाताना दोन," काका म्हणाले. पहारेकऱ्याला ते नीट कळलं नसावं, त्यानं दोन लिहिलं.

चिंचेपासून दहा पावलांवर काकांनी मला थांबवलं. पिशवी आणि छत्री माझ्याकडे दिली, टोपरं आणि घुगऱ्या घेऊन ते एकटेच पुढे गेले. बुंध्यापाशी हळदकुंकू वाहिलं, घुगऱ्या ठेवल्या, टोपरं ठेवलं. वारा अजिबात नव्हता. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज इतका वेळ येत होता, तो तेव्हा येत होता की नाही हे मला आता आठवत नाही. काका गुडघ्यांवर बसले, हातांचा द्रोण करून जमिनीशी वाकले आणि मी स्पष्ट ऐकलं, "कुर्रर्र..."

पुढचं नाव मला ऐकू आलं नाही. मी नंतरही विचारलं नाही. ते त्या दोघांतलं.

बराच वेळ ते तसेच वाकलेले होते. मग एकदम दचकल्यासारखे ताठ झाले, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसले. उठून येताना त्यांचे दोन्ही हात छातीशी घडी घातल्यासारखे होते. पिशवी परत घेतली नाही, मीच धरली.

गेटवर मात्र त्यांनी एक हात सोडवला आणि पहारेकऱ्याच्या वहीत, बाहेर पडायच्या वेळेपुढे, लाल पेनानं लिहिलं, 'आत कुणी नाही'. खाली पूर्ण सही केली, तारखेसकट. पहारेकरी म्हणाला, "काका, मी आहे की आत." काका म्हणाले, "तू पगारी हाईस, लेका." आम्ही तिघंही हसलो.

रिक्षात ते खिडकीकडे सरकून बसले, मध्ये चांगली जागा ठेवून. काळेवाडीचा पूल आला तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, एक सांगू का? बारशाला कुर्र करनाऱ्याच्या पाठीत थाप मारायची ती जरा जोरात मारायची असती. तुमी लईच हळू मारली. येवड्याशा हातानं मारल्यावानी."

मी दहा पावलं लांब उभी होते, आणि माझ्या एका हातात त्यांची पिशवी होती, दुसऱ्यात छत्री.